आगीचा मोसम आणि दुकानावरचे घर

फेब्रुवारी निम्मा झाला की नाशिकच्या आसपासचे डोंगर पिवळे पडू लागतात. पावसाळ्यात हिरवेगार दिसणारे ब्रह्मगिरी, अंजनेरी, रामशेज, पांडवलेण्यांचा डोंगर, सगळीकडे वाळलेले गवत उभे असते. मग एखाद्या रात्री गच्चीवर उभे राहिले की दूर डोंगराच्या अंगावरून तांबडी रेघ सरकताना दिसते. आमच्या दुकानावर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातील गिऱ्हाईक लग्नाचा बस्ता घ्यायला येते. "शेठ, आमच्याकडचा डोंगर पेटला," हे वाक्य आम्ही मार्च-एप्रिलमध्ये दरवर्षी ऐकत आलो आहोत.

वनखात्याच्या लेखी हा ठरलेला मोसम आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने आगीचे मानले जातात. त्याआधीच वनरक्षक आणि मजूर जंगलात ठरावीक अंतरावर गवत कापून, ते देखरेखीखाली जाळून मोकळे पट्टे तयार करतात. या पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. त्यामागचा हिशोब साधा आहे. आगीला पुढे खायला काही मिळाले नाही की ती त्या पट्ट्याशी येऊन थांबते. आग लागणारच नाही अशी हमी कोणी देत नाही, पण लागली तर ती कुठवर जाईल हे आधी ठरवून ठेवले जाते.

व्यापारी बंधूंनो, डोंगराची ही गोष्ट व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे आपणास वाटेल. कारण असे की आपण कापडवाले, शिंपी, यंत्रमागवाले, गादी-रजईवाले आणि चिंध्यांचा धंदा करणारे, सगळे त्या वाळलेल्या गवतावरच बसलेलो आहोत. आपल्यापैकी अनेकांचे खाली दुकान आणि वर घर आहे. तोच उन्हाळा आपल्यालाही आहे. गेली काही वर्षे रमजान ईदही याच दिवसांत येत आहे. २०२४ साली रमजान मार्चमध्ये सुरू झाला, २०२५ साली मार्चच्या सुरुवातीला, आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत तो फेब्रुवारीत आला. म्हणजे ईदचा माल, लग्नसराईचा माल आणि त्यामागोमाग शाळेच्या गणवेशाचा माल, हा सगळा साठा आपण नेमक्या आगीच्या मोसमात भरतो. वनखात्याने आपली जाळरेषा आखली. आपल्या दुकानात ती कुठे आहे?

तीन घटना, एकच वेळ

थोडे मागे वळून पाहू. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादजवळ वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले ६ कामगार गेले.

त्यानंतर ३ एप्रिल २०२४. त्याच शहराच्या छावणी भागात, दाणा बाजारात, खाली शिंपीकामाचे दुकान आणि वर राहती घरे असलेली इमारत. रमजानचे दिवस होते, पहाटेची वेळ. खालच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबातील ७ जण मरण पावले, त्यांत दोन लहान मुले. प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी जे सांगितले ते प्रत्येक कापडवाल्याने ध्यानात ठेवावे. आग वर त्या कुटुंबापर्यंत पोहोचलीच नव्हती. ते सर्वजण धुराने गुदमरून गेले. चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीपासून आग लागली असावी, असा संशय त्या वेळी व्यक्त झाला होता.

तिसरी घटना १८ मे २०२५ ची, सोलापूरची. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. मालक, त्यांच्या घरची माणसे, एक तान्हे नातवंड आणि कामगार असे ८ जण गेले. मालकाचे राहणेही त्याच इमारतीत होते.

तिन्ही घटना शेजारी ठेवून पाहा. वेळ रात्रीची किंवा पहाटेची. खाली कापड किंवा सूत. माणसे झोपलेली. दिवसा दुकान भरलेले असते, कोणाला तरी वास येतो, कोणीतरी पाणी ओततो. रात्री आगीला एकटीला वेळ मिळतो, आणि धुराला वर चढायला जिना मिळतो.

आमच्या जिन्याची गोष्ट

दुसऱ्यांच्या घटना सांगून स्वतः नामानिराळे राहणे बरे नव्हे, म्हणून आमचेही सांगतो. १९९८ चा मे महिना. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या पाठीमागच्या गल्लीत आमचे खाली दुकान आणि वर दोन खोल्या. जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून अब्बांनी गणवेशाच्या खाकी आणि पांढऱ्या कापडाचे तागे भरले होते. दुकानात जागा उरली नाही तेव्हा गाठोडी लाकडी जिन्याच्या पायऱ्यांवर एका बाजूने रचली. रात्री दोनच्या सुमारास अम्मी पाणी प्यायला उठल्या आणि त्यांना जळका वास आला. मीटरच्या पेटीत ठिणगी पडून शेजारचे गाठोडे धुमसत होते. ज्वाळा अशी नव्हतीच. धूर मात्र एवढा की जिन्यात पाय ठेवायची सोय नाही. दादींना आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, खाटेच्या आधाराने पलीकडे नेले. माल फार जळाला नाही, दोन-तीन गाठोडी गेली. पण दादींच्या छातीत जो धूर भरला त्याचा खोकला त्यांच्या अखेरपर्यंत राहिला.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी जिना रिकामा केला आणि तो रिकामाच राहील असे सर्वांसमोर सांगितले. अब्बा होते तोवर तो रिकामा राहिला. पुढे दुकान आमच्या हाती आले. एका ईदला चार गाठोडी ठेवली, "आठ दिवसांसाठी" म्हणून. मग ती पद्धतच पडली. एप्रिल २०२४ मध्ये छावणीची बातमी वाचली आणि आम्ही पेपर हातात धरूनच जिन्यात जाऊन उभे राहिलो. मोजली तर १४ गाठोडी निघाली. वर आता अम्मी झोपतात. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे आणि गुडघे चालत नाहीत. ज्या मुलाने दादींना गच्चीवरून नेले होते त्यानेच आईच्या वाटेवर माल रचला होता. यापेक्षा जास्त काही लिहिण्याची गरज नाही.

जिना हीच आपली जाळरेषा

आम्हाला तजुर्ब्याने जे उमगले ते एवढेच. दुकानावर घर असलेल्या माणसाची जाळरेषा म्हणजे त्याचा जिना, जिन्याचा दरवाजा आणि मीटरच्या पेटीभोवतीची जागा. जिन्यावर, जिन्याखाली आणि पहिल्या मजल्याच्या दारासमोर एकही तागा, एकही पुठ्ठ्याचे खोके, चिंध्यांची एकही गोणी असता कामा नये. मीटरच्या पेटीपासून निदान हातभर अंतरावर माल ठेवावा. बल्ब आणि ट्यूबलाइटला टेकेल एवढ्या उंचीपर्यंत माल रचू नये. पोटमाळ्यावर आपण नेमके हेच करतो.

जिना धुराड्यासारखे काम करतो. खालचा गरम धूर सरळ वर जातो आणि घरात भरतो. म्हणून दुकान आणि जिना यांच्यामध्ये, किंवा निदान जिना आणि घर यांच्यामध्ये, जाड लाकडी किंवा लोखंडी पत्र्याचा दरवाजा असावा आणि रात्री तो लावलेला असावा. तो कुलूपबंद नको, फक्त लावलेला हवा. बंद दरवाजा धुराला काही मिनिटे अडवून धरतो, आणि माणसे वाचतात ती त्याच मिनिटांत.

कापडाच्या धुराविषयी आपणच लोकांना सांगायला हवे, कारण माल आपण ओळखतो. सुती कापड आतल्या आत धुमसत राहते. पॉलिस्टर आणि नायलॉन वितळते, ठिबकते आणि अंगाला चिकटते. नायलॉन, अॅक्रिलिक आणि लोकर जळताना सायनाइडसारखा जहरी वायूही निघतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. झोपलेल्या माणसाला धुराने जाग येईल यावर भरवसा ठेवू नये. तो उठण्याऐवजी अधिक गाढ बेशुद्ध होतो. म्हणून जिन्याच्या माथ्यावर बॅटरीवर चालणारे धुराची घंटी देणारे यंत्र बसवावे. ते छोटे असते, छतावर स्क्रूने बसते आणि धूर लागताच कर्कश वाजते. महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून पाहावे.

जगात इतरत्रही लोक याच मार्गाने जात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या कडेला वणवे पेटले आणि १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्यांतील कितीतरी घरे वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटली. तिकडचे अग्निशामक दल लोकांना सांगते की घराच्या भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखे काहीही ठेवू नका. आपल्या गल्लीत दोन घरांमध्ये पाच फूट जागाच नाही. पण जिना तर आपला आहे ना?

"मग माल ठेवायचा कुठे?"

हा प्रश्न प्रत्येक व्यापारी विचारील, आणि तो रास्त आहे. जुन्या नाशकात, मेन रोड, भद्रकाली, दूध बाजार परिसरात जागेचा भाव सर्वांना ठाऊक आहे. छोट्या दुकानदाराला वेगळे गोदाम परवडत नाही. आम्ही जे केले ते सांगतो. आमच्यासारख्याच दोन दुकानदारांना बरोबर घेतले आणि वस्तीपासून जरा बाजूला तळमजल्याची एक खोली फेब्रुवारी ते जून एवढ्यापुरती भाड्याने घेतली. भाडे तिघांत वाटले. माल दोन दिवसांआड हातगाडीने आणतो. त्रास होतो, हमाली लागते, कधी गिऱ्हाईकाला "उद्या या" म्हणावे लागते आणि ते शेजारच्या दुकानात जाते. हे नुकसान आम्ही ईदच्या खर्चात धरले आहे.

ज्यांना हेही जमत नाही त्यांनी माल कमी भरावा आणि दोनदा भरावा. घाऊक व्यापारी एकदम उचलल्यास सवलत देतो हे खरे. पण त्या सवलतीसाठी जिना विकू नये.

वीज, इस्त्री आणि बॅटरी

दुकानातील आग बहुतेक वेळा विजेपासून सुरू होते. जुन्या वाड्यांतील वायरिंग दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी केलेले असते. त्यावर आपण एसी, फ्रीज, इस्त्री, शिलाईच्या मोटारी आणि रोषणाई चढवतो. फ्यूज वारंवार उडू लागला की जाड तार घालून तो गप्प करतो. तो फ्यूज आपल्याला सावध करीत असतो. मोसमापूर्वी परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण, दोन्ही बसवावीत. गरम होणारा प्लग, काळा पडलेला सॉकेट आणि चिकटपट्टी गुंडाळलेला जोड त्याच दिवशी बदलावा. मीटरच्या बाहेरील खांबावर ठिणग्या दिसल्या तर महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे.

शिंपी बंधूंनी इस्त्रीसाठी वेगळे बटण आणि त्यावर छोटा लाल दिवा लावून घ्यावा, म्हणजे इस्त्री चालू राहिली तर दुकान बंद करताना दिसेल. कात्रण रोजच्या रोज बाहेर जावे. यंत्रमागवाल्यांनी वायरींवर, मोटारींवर आणि छताच्या पत्र्याला लटकणारी कापसाची धूळ दर आठवड्याला झाडावी. एक ठिणगी पडली तर या धुळीवरून आग छतभर पळते.

विजेच्या दुचाकीचा आणि रिक्षाच्या बॅटरीचा मसला नवा आहे. ही बॅटरी जिन्याखाली, दारात किंवा कापडाजवळ कधीही चार्ज करू नये. सर्वजण झोपले असताना तर नाहीच. कंपनीचाच चार्जर वापरावा, फुगलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी वापरू नये. जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली गाडी पेटली तर घराचा रस्ताच बंद होतो.

स्वयंपाकघरात सिलिंडरची नळी आयएसआय खुणेची असावी आणि मुदतीत बदलावी. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या उघडाव्यात. रात्री दिवे विझवा, घरात आग पेटती ठेवून झोपू नका, ही हिदायत हदीस शरीफमधून आपणा सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. रात्रीच्या आगीचा धोका तेव्हाही तोच होता.

बाहेरून कुलूप लावू नका

आता एक कडू गोष्ट. आपल्या अनेक कारखान्यांत परगावचे कारागीर रात्री तिथेच झोपतात. मालाची चोरी होऊ नये म्हणून काही मालक बाहेरून शटरला कुलूप लावून घरी जातात. हे गुन्हा म्हणून सोडाच, माणुसकी म्हणूनही चालणार नाही. कारागीर आत झोपत असेल तर कुलूप आतून असावे आणि किल्ली त्याच्या हाताशी, रोज एकाच खिळ्यावर असावी. खरे तर कापडाच्या गोदामात कोणाला झोपवूच नये. एक खोली घेऊन द्यावी. जो मुलगा घर सोडून आपल्या भरवशावर आला त्याच्या आईला आपण उद्या काय सांगणार?

घरातही तेच. खिडक्यांना आपण चोरासाठी लोखंडी जाळ्या बसवतो आणि स्वतःला कोंडून घेतो. निदान एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारे दार करून घ्यावे. लोहाराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. गच्चीचा दरवाजा सामानाने अडवू नये. जुन्या गल्ल्यांत गच्च्या एकमेकींना लागून आहेत. शेजाऱ्याशी बोलून ठेवावे, प्रसंगी इकडून तिकडे जाता येईल अशी वाट राखावी. आमच्या दादी त्याच वाटेने वाचल्या.

घरच्यांची तालीम

एका रविवारी आम्ही घरात तालीम घेतली. मुलांना हसू आले. सुनेने विचारले, "अब्बा, खरेच पळायचे का?" आम्ही घड्याळ लावले. पहिल्या खेपेला सगळे खाली रस्त्यावर यायला चार मिनिटांहून जास्त लागले, कारण चॅनल गेटची किल्ली आमच्या खिशात, खुंटीवर टांगलेल्या कुर्त्यात होती. अम्मींना कोणी उचलायचे हे ठरलेलेच नव्हते. दोन्ही मुले धावली आणि लहान नात पाळण्यात राहिली. तिसऱ्या खेपेला दीड मिनिटात काम झाले.

तालमीत ठरवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बाहेर पडण्याच्या वाटा दोन असाव्यात, एक जिना आणि दुसरी गच्ची किंवा खिडकी. लहान मुलाला कोण घेईल, वृद्धांना कोण, हे नावानिशी ठरवावे. बाहेर सर्वांनी कुठे जमायचे ती जागा ठरवावी, म्हणजे कोण मागे राहिले ते मोजता येते. किल्ली आणि विजेरी दाराजवळ ठेवावी. धूर असेल तर जमिनीलगत, गुडघ्यांवर रांगत जावे, कारण खालची हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. बंद दाराला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करावा. गरम लागले तर ते उघडू नये आणि दुसरी वाट धरावी. बाहेर पडताना मागचे दार लावून घ्यावे. वाटा बंद झाल्या तर खोलीचे दार लावून फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीतून आवाज द्यावा. एकदा बाहेर आलेल्या माणसाने गल्ल्यासाठी, दागिन्यांसाठी किंवा वहीखात्यासाठी परत आत जाऊ नये.

अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा सुती चादर, घोंगडी लपेटावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. चिकटलेले पॉलिस्टर ओढून काढू नये. १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे.

बंब येईपर्यंत

दुकानात कोरड्या पावडरचे आयएसआय खुणेचे अग्निशामक नळकांडे असावे. ते आतल्या कोपऱ्यात नको, बाहेर पडण्याच्या दाराजवळ टांगावे. त्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहत जावे. वापरण्याची रीत अशी की पिन ओढावी, नळी आगीच्या मुळाशी धरावी, मूठ दाबावी आणि डावी-उजवीकडे फिरवावी. छोटे नळकांडे अर्धे मिनिटही पुरत नाही. तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर पडावे. विजेची आग असेल तर मेन बंद केल्याशिवाय पाणी टाकू नये.

सर्वांत आधी १०१ ला फोन करावा. "आधी आपण विझवू, मग बघू" यात जाणारा वेळ परत येत नाही. नाशिक महापालिकेच्या अग्निशामक दलाचे मुख्यालय शिंगाडा तलावाजवळ आहे, म्हणजे जुन्या वस्तीला अगदी लागून. पण दल जवळ असून काय उपयोग, जर गल्लीत दोन बाजूंना दुचाक्या, हातगाड्या, ओटे आणि खाली आलेले ताडपत्रीचे छप्पर असेल? मोहल्ल्यातील चार जबाबदार माणसांनी ईदच्या बाजाराआधी एकदा गल्ली चालून पाहावी आणि बंब कुठे अडेल ते ठरवावे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टायकिन नावाच्या जहाजाला आग लागून महाभयंकर स्फोट झाले. त्या जहाजात स्फोटकांबरोबर कापसाच्या गाठी होत्या. ६६ अग्निशामक जवान त्यात शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या सप्ताहात दलाचे जवान प्रात्यक्षिके दाखवितात. व्यापारी संघटनेने अर्ज करून त्यांना आपल्या बाजारात बोलवावे. सूत आणि कापसाच्या गाठीबद्दल त्यांचे सांगणे असे की वरून विझलेली गाठ आत धुमसत असते. ती उसकटून आतपर्यंत भिजवल्याशिवाय विझली असे समजू नये.

डोंगरपट्ट्यातील बंधूंसाठी

त्र्यंबक, पेठ, इगतपुरी भागात ज्यांची दुकाने किंवा घरे आहेत त्यांना खरा वणवा दारात येऊ शकतो. घराभोवतीचे वाळलेले गवत आणि पाचोळा मोसमाआधी काढून मोकळा पट्टा करावा. कडबा, पेंढा आणि सरपण घराच्या भिंतीला लावून रचू नये. राब भाजताना दुपारचा वारा टाळावा, चार माणसे आणि पाणी जवळ ठेवावे, शेवटचा निखारा विझल्याशिवाय बांध सोडू नये. डोंगर जाळला की गवत चांगले येते, ही समजूत सोडून द्यावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. वणवा दिसल्यास वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. बाजाराला जाणाऱ्या व्यापाऱ्याने घाटात जळती विडी-सिगारेट फेकू नये, हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

कागदपत्रे आणि विमा

वहीखाते, जीएसटीची बिले, भाडेकरार, मालाच्या याद्या यांच्या प्रती दुकानाबाहेर, नातेवाइकाच्या घरी किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवाव्यात. आगीनंतर माल किती होता हे सिद्ध करणारा कागदच जळालेला असतो.

विम्याच्या मसल्यात ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. परंतु ज्यांनी बँकेच्या कर्जामुळे किंवा स्वखुशीने विमा घेतला आहे त्यांनी हिशोब समजून घ्यावा. माल २० लाखांचा आणि विमा १० लाखांचा असेल, आणि ४ लाखांचा माल जळाला, तर भरपाई ४ लाख मिळेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात विमा निम्म्याचाच असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे २ लाख मिळते. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आली. तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्याहून जास्त नाही. म्हणून ईदपूर्वी जेव्हा साठा सर्वांत जास्त असतो तेव्हाचा आकडा धरावा. भाड्याच्या नव्या खोलीत माल हलवला तर तिचा पत्ताही पॉलिसीत लिहून घ्यावा.

ज्यांच्या इमारतीत आग विझविण्याची यंत्रणा आहे त्यांनी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘ब’ नमुन्यातील दाखला द्यायचा असतो. जानेवारीचा दाखला केवळ कागदापुरता घेऊ नये. त्याच महिन्यात वायरमन बोलवावा, जिना मोकळा करावा, तालीम घ्यावी. फेब्रुवारी उजाडेल तेव्हा आपली जाळरेषा तयार असेल.

आमचा जिना आता रिकामा आहे. गेल्या ईदच्या आधी मोठ्या मुलाने दोन गठ्ठे पहिल्या पायरीवर ठेवले होते, "तासाभरासाठी" म्हणाला. अम्मी वरून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मुलाने स्वतःच ते गठ्ठे उचलून दुकानात नेले.

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरादाराची, बालबच्च्यांची आणि रोजी-रोटीची हिफाजत करो. परंतु उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावे. आज दुकान वाढविण्यापूर्वी एकदा आपल्या जिन्यात उभे राहून गाठोडी मोजावीत, एवढीच विनंती.